जाग आणि जाणीव

डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या माझ्या नवऱ्याची शुद्ध पंधरापैकी सहा, असं डॉक्टर म्हणाले आणि मी मनातल्या मनात टक्केवारी काढली. चाळीस. चौदा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचे पेपर तपासतेय. पस्तीसच्या वर म्हणजे पास, हे इतकं अंगात मुरलेलं की आयसीयूच्या दारातही तेच डोक्यात आलं. बाहेर येऊन आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलं, "चाळीस टक्के आहे आत्या, वाचतील." आत्यांनी तिथंच फरशीवर बसून जोतिबाचं नाव घेतलं. पुढचे तीन दिवस जो भेटायला येईल त्याला आम्ही हेच चाळीस टक्के सांगत होतो.

तिसऱ्या रात्री एका सिस्टरला विचारलं, "आज किती आहेत?" तिनं मला बाजूला बसवलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागं मांडून दाखवलं. डोळ्यांना चारपैकी, बोलण्याला पाचपैकी, हातापायांच्या हालचालीला सहापैकी. आणि प्रत्येकात कमीत कमी एक. शून्य नाहीच. म्हणजे हाक मारा, चिमटा काढा, कशानंच काही न करणाऱ्या माणसालाही तीन मिळतात. आठ आणि त्याखाली ती गंभीर इजा. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली शुद्ध मोजायची ही पट्टी काढली, कुणाही नर्सला खाटेशेजारी उभं राहून मोजता यावी आणि पुढच्या पाळीतल्याला दोन शब्दांत सांगता यावी म्हणून. पट्टी कामाची आहे. पण घरच्यांना आकडा सांगताना "ही तिनापासून सुरू होते" एवढं एक वाक्य जोडायला किती वेळ लागतो? त्या रात्री मी आत्यांना काहीच सांगितलं नाही. त्यांना झोप लागली होती.

तीन वर्षं झाली याला. आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही, असं मी म्हणणार नाही. पुष्कळ सांगितलं. पण डॉक्टर एक बोलत होते आणि आमच्या कानात दुसरंच शिरत होतं, आणि हे ना त्यांच्या लक्षात येत होतं ना आमच्या. ज्यांचं माणूस आज आत आहे त्यांच्यासाठी ते शब्द एकेक करून लिहावेत असं फार दिवस मनात होतं.

हे कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारा नमुना, पॅटर्न, करणारे. १७ नोव्हेंबर २०२२ ची रात्र. सेकंड शिफ्ट सुटून बाराच्या पुढं घरी निघालेले. उसाचा हंगाम, आणि रस्त्याच्या कडेला टायर फुटून उभी राहिलेली भरली ट्रॉली. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना झाडाची फांदी. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं. गर्दीतल्या कुणीतरी ह्यांच्याच फोनवरून भाऊजींना कळवलं.

मेंदूवर उजव्या बाजूला रक्त साठलंय, कपाळामागं दोन्हीकडं मार आहे, आणि मेंदू मधल्या रेषेपासून ११ मिलिमीटर सरकलाय, असं सीटीत दिसलं. पहाटे तीनला ऑपरेशन. कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला, सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून, आणि तो पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवला. तिथं हाड नीट राहतं, पुढं परत बसवता येतं. डोक्याच्या पट्टीवर त्या बाजूला पेनानं मोठ्या अक्षरात 'नो बोन' लिहिलेलं, कुशीवर वळवताना कुणाचा हात तिथं दाबला जाऊ नये म्हणून. ते अक्षर मला अजून दिसतं.

मग रोज सकाळी अकराला एकच शब्द मिळायचा: स्टेबल. आम्ही तो 'बरंय' असा ऐकायचो. भाऊजी लगेच व्हॉट्सॲपवर सगळ्यांना टाकायचे, तब्येत सुधारतेय. आठव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी घालायची म्हटल्यावर घरात रडारड झाली, कारण आमच्या हिशोबानं माणूस सुधारत होता आणि अचानक बिघडला. प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नव्हतं. स्टेबल म्हणजे कालच्यासारखंच. आणि गळ्याची नळी ही तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही म्हणून केलेली सोय. तो शेवटाकडचा टप्पा नव्हता. स्टेबल म्हटल्यावर "म्हणजे कालच्याहून बरं, की कालच्याइतकंच?" एवढं विचारायची सवय मला फार उशिरा लागली.

आयसीयूत आम्हाला दिवसातून दोनदा दहा मिनिटं सोडायचे. सिस्टर म्हणाल्या, "नावानं हाक मारा, जोरात." आमच्याकडं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. पहिल्या दिवशी तोंडातून "अहो" एवढंच आलं. दुसऱ्या दिवशी मी नाव घेतलं, मोठ्यानं, सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं. काही झालं नाही. पापणीसुद्धा हलली नाही. पण मी रोज हाक मारत राहिले, सकाळ-संध्याकाळ, आणि ते नाव जिभेवर बसलं.

बाराव्या दिवशी डोळे उघडले. आत्यांनी वॉर्डबॉयपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. शुद्धीवर आला म्हणून गावाकडं फोन गेले. मी संध्याकाळी आत गेले, समोर उभी राहिले, आणि ह्यांची नजर माझ्यातून आरपार पलीकडच्या भिंतीवर गेली. मी डावीकडं सरकले, नजर तिथंच. उजवीकडं गेले, तिथंच. चेहऱ्यावर काही नाही. बाहेर येऊन मी कुणाला हे बोलले नाही. मला वाटलं माझ्यावरचा कसला राग आहे की काय. इतकं विचित्र मनात येतं त्या वेळी.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर बाई होत्या, नांदेडकडच्या. मी जिन्यात बसलेले बघून त्या थांबल्या. मी म्हटलं, "शुद्धीवर आलेत, पण ओळखत नाहीत." त्या म्हणाल्या, "ताई, आपण शुद्ध म्हणतो ना, त्यात दोन गोष्टी आहेत. जाग आणि जाणीव. त्यांना जाग आलीय. जाणीव अजून यायचीय." मग त्यांनी हाताची मूठ करून दाखवलं. जाग मेंदूच्या देठातून येते, मानेच्या वर, खोलवर. श्वास, झोपेची आणि उठायची चक्रं तिथली. म्हणून माणूस वाचला तर बेशुद्धी सहसा दोन-चार आठवड्यांत संपते आणि डोळे उघडतात, वरच्या मेंदूचं काहीही झालेलं असो. जाणीव मात्र वरच्या सगळ्या भागांचं एकमेकांशी बोलणं सुरू झालं तरच येते. कुणाची दोन दिवसांत येते, कुणाची महिन्यांनी, कुणाची अर्धवट येऊन तिथंच थांबते, आणि कुणाची येतच नाही. मधल्या काळात माणूस डोळे उघडतो, मिटतो, जांभई देतो, कधी रडल्यासारखा चेहरा करतो, आणि त्यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं.

मराठी मी रोज शिकवते. जाग आणि जाणीव हे दोन्ही शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असतील. ते दोन वेगळे आहेत हे मला त्या जिन्यात कळलं. आपण 'शुद्ध आली' या दोन शब्दांत दोन्ही कोंबतो, आणि मग डोळे उघडले की आपल्यापुरतं संकट संपतं. डॉक्टर 'डोळे उघडलेत' म्हणतात तेव्हा ते फक्त तेवढंच म्हणत असतात.

त्यानंतर मी वेगळं बघायला लागले. भाऊजी म्हणायचे, "वहिनी, दादानं माझा हात घट्ट धरला." फिजिओनं समजावलं: कपाळामागच्या भागाला मार असला की तळहाताला काही लागताच मूठ आपोआप आवळते, तान्ह्या पोराची आवळते तशी. धरलं याला अर्थ नाही. 'सोडा' म्हटल्यावर सोडतात का ते बघा. आणि एकदा केलं तेही धरू नका. सांगितल्यावर करतात आणि न सांगता करत नाहीत, असं चार-पाच वेळा झालं तर माना. ते ऐकून भाऊजींचा चेहरा उतरला. मला मात्र हातात काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं. रोज दहा मिनिटं मला करायला काम होतं.

एकोणिसाव्या दिवशी फिजिओनं हाताएवढा आरसा आणला. माणसाचे डोळे इतर कशाच्याही आधी स्वतःच्या चेहऱ्यामागं फिरतात, असं ते म्हणाले. आरसा ह्यांच्या तोंडासमोर धरला आणि हळूहळू डावीकडं नेला. डोळे अडखळत त्यामागं गेले. परत उजवीकडं. गेले. आरसा काढून मी माझं तोंड तिथं आणलं, ते नाही जमलं. पण आरशामागं गेले. तेविसाव्या दिवशी मी म्हटलं, "दोन बोटं दाखवा." बराच वेळ काही नाही. मी हाताची घडी घालून उभी. मग चादरीवर उजव्या हाताची तर्जनी उचलली गेली, थरथरली, आणि तिच्यामागून मधलं बोट. "आता खाली ठेवा." ठेवली. "परत दाखवा." दाखवली. त्या दिवशी मी पेढे वाटले नाहीत. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि वहीत तारीख लिहिली.

मला वाटलं आता चढती कमान. गळ्याची नळी निघाली, आवाज आला, आणि त्या आवाजातून पहिल्यांदा शिव्या बाहेर पडल्या. आत्यांना, सिस्टरना, मला. कधी न ऐकलेल्या. नाकातली नळी दोनदा उपसली. पट्टीनं हात खाटेला बांधले तर सगळी खाट हलवायचे. दवाखाना म्हणजे फाउंड्री, मी म्हणजे स्टोअरची कुणीतरी बाई. "सकाळीच शिफ्टला जाऊन आलोय, भट्टी बंद होती," असं शांतपणे सांगायचे. भाऊजींना वाटलं खोटं बोलतायत. आत्यांना वाटलं बाहेरचं काही लागलंय. त्या जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, जाऊन अंगारा घेऊन आल्या, आणि तो लावला तेव्हा त्या पाच मिनिटं ह्यांच्या कपाळावर हात ठेवून बसल्या. त्या पाच मिनिटांत हे जितके शांत होते तितके दिवसभर नव्हते. मी त्यांना अडवलं नाही.

हाही एक टप्पा असतो. जाणीव आलेली असते पण आठवण साठत नसते. प्रत्येक क्षण नवा, मागचा पुसलेला, मग मेंदू मधली गाळलेली जागा मिळेल त्या जुन्या गोष्टीनं भरतो. खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं. ह्यांना ते माहीतच नव्हतं. मी रोज सकाळी अपघाताचं सांगायचे, रोज तितकाच धक्का बसायचा, दुपारी परत "मी इथं का?" शेवटी त्या नांदेडच्या बाईच म्हणाल्या, "दरवेळी सगळं सांगू नका. दवाखान्यात आहात, मी इथंच आहे, एवढं पुरे." आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी भेटेल त्याला सांगते: अपघातापासून ते कालची गोष्ट आज आठवायला लागते तोवरचे दिवस मोजा. पुढं माणूस किती सुधारेल याचा अंदाज ह्या आकड्यावरून पुष्कळ येतो, नुसत्या बेशुद्धीच्या दिवसांपेक्षा जास्त. एक दिवसाच्या आत असेल तर सौम्य, आठवड्याच्या वर गेला तर गंभीर. हा आकडा डॉक्टरांच्या फायलीत सहसा सापडत नाही, कारण तोवर पेशंट घरी आलेला असतो. तो घरच्यांनाच मोजावा लागतो.

आमचे ४६ दिवस. चौतिसाव्या दिवशी घरी आलो होतो. २ जानेवारीला सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "काल धाकट्यानं पेरू आणलेले, संपले का?" खरंच आणले होते. मी कप खाली ठेवला आणि वही शोधायला गेले.

घरी आल्यावर सगळ्या गावाच्या लेखी अपघात संपला. ॲम्ब्युलन्समधून उतरताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुटलीस बाई." दिवसाला वीस-पंचवीस माणसं. प्रत्येकजण विचारणार, "मला ओळखलंस का?" ओळखायचेच. सगळ्यांना ओळखायचे, लग्नात आहेर काय आला ते सांगायचे, २०१९ च्या महापुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते सांगायचे. लोक खूश होऊन जायचे: आठवण शाबूत आहे की! आपल्याला वाटतं स्मृती जाते म्हणजे नाव-गाव, बायको-पोरं विसरतात. जुनं सहसा टिकून राहतं. नवं चिकटत नाही. जेवण झाल्यावर दहा मिनिटांनी विचारायचे, आज जेवायचं नाही का. ह्यांचे एक मित्र मला बाजूला घेऊन मनापासून म्हणाले, "वहिनी, असाच अजून एक जोराचा धक्का बसला ना, की सगळं परत येतंय बघा." नंतर पुण्याच्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी सांगितलं की अमेरिकेत १९८८ साली साध्या लोकांना असे प्रश्न विचारले होते, आणि दुसऱ्या मारानं आठवण परत येते असं मानणारे तिथंही पुष्कळ निघाले. दुसऱ्या मारानं फक्त दुसरी इजा होते. आमच्या घरात तर उजव्या बाजूला हाडच नव्हतं. बसले की तिथं खड्डा पडायचा, आणि कातडी नाडीसारखी उडताना दिसायची. लेक तेव्हा नऊ वर्षांचा. तो चार महिने पप्पांच्या डाव्या बाजूलाच बसायचा.

मार्चमध्ये हाड परत बसवलं. तोवर सगळं लांबणीवर टाकलेलं: हाड बसलं की राग जाईल, हाड बसलं की कामावर जातील. डोकं गोल झालं, केस वाढले, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसेना. आमचे खरे हाल तिथून सुरू झाले.

मी शाळेला जाताना हे पलंगावर बसलेले असायचे. परत यायचे तेव्हा त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून. पाण्याचा तांब्या हाताशी, आणि पाणी प्यायलेलं नाही. "पाणी प्या" म्हटलं की गटागटा पिऊन टाकायचे. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही लाड करताय." आत्या म्हणाल्या, लहानपणापासून सुस्तच आहे. राग आला की त्याच आत्या म्हणायच्या, वडिलांवर गेलाय. आपल्याकडं 'स्वभाव' नावाची एक मोठी पेटी आहे, जे कळत नाही ते आपण तिच्यात टाकतो. मीही टाकत होते. पाहुणे आले की हे पंधरा मिनिटं छान बोलायचे, हसायचे, आणि ते गेले की ताट भिरकवायचे. मला खात्री होती की हे मुद्दाम आहे. बाहेरच्यांशी जमतं, मग माझ्याशी का नाही? मी एकदा तोंडावर तसं बोलले. काय काय बोलले ते इथं लिहवत नाही. ते ऐकून घेत नुसते बघत राहिले, आणि संध्याकाळी ते विसरलेही. मी विसरले नाही.

जेवणावरून तर रोजचं. तांबड्या रश्श्याला चव नाही, आमटीला चव नाही, वर कांदा-लसूण चटणीचे चमचे. मला वाटायचं माझ्यावरचा राग जेवणावर काढतात. जुलैमध्ये मी दुकानात गेले होते, गॅसवर दूध. परत आले तर जिन्यात करपल्याचा वास, घरात धूर, पातेलं काळं, आणि हे स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसलेले. "अहो, वास नाही आला?" "कसला?" मी फोडणीचा हिंगाचा डबा उघडून नाकाशी धरला. डोळ्यांत पाणी येईल इतका उग्र हिंग. ह्यांनी डब्यात बघितलं आणि म्हणाले, "पिवळं आहे." आठ महिने ह्या माणसाला कसलाच वास येत नव्हता, आणि आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं. नाकातून मेंदूकडं जाणारे तंतू कवटीच्या तळातल्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात, डोकं आपटलं की ते तिथंच तुटतात, आणि वास गेला की चवीतलं निम्म्याहून जास्त जातं. हे कुणी सांगितलं असतं तर रश्श्यावरून झालेली शंभर भांडणं झाली नसती.

त्या दुधानंतर आम्ही पुण्याला गेलो. मॅडमनी दोन दिवस बसवून कागद-पेन्सिल, ठोकळे, आकडे असं सगळं करून घेतलं. मग आम्हा सगळ्यांना, आत्यांनाही, समोर बसवलं आणि ह्यांना म्हणाल्या, "चहा करून द्या आम्हाला." कोपऱ्यात शेगडी होती. हे उठले. पातेलं घेतलं. साखर टाकली. चहा टाकला. थांबले. पातेल्याकडं बघत उभे. मग गॅस पेटवला आणि कोरडी साखर तापायला लागली. मॅडम म्हणाल्या, "चहाला काय काय लागतं?" हे लगेच म्हणाले, "पाणी, साखर, पत्ती, दूध, आलं." सगळं माहीत. पाण्याची बाटली हाताच्या अंतरावर. आत्यांनी पदर तोंडाला लावला. मॅडम त्यांना म्हणाल्या, "आजी, हा आळस आहे का?" आत्यांनी मान हलवली, नाही.

कपाळामागचा मेंदू कामाला सुरुवात करून देतो, आधी काय नि नंतर काय ते लावतो, आणि मनात आलेलं तोंडातून बाहेर पडण्याआधी अडवतो. तोच दुखावला होता. दिवसभर बाकीचा मेंदू त्याची भरपाई करत राहतो, म्हणून पंधरा मिनिटांत माणूस दमतो. पाहुण्यांपुरतं साठवलेलं संपतं, आणि उरलेलं घरच्यांच्या वाट्याला येतं. मॅडमनी त्या दिवशी अमेरिकेतल्या रेल्वेच्या कामावरच्या एका मुकादमाची गोष्ट सांगितली, फिनिअस गेज. १८४८ साली सुरुंग ठासताना लोखंडी पहार गालातून शिरून डोक्यातून बाहेर गेली. तो वाचला, पण मित्र म्हणायला लागले की हा आता तो राहिला नाही. हे मध्येच म्हणाले, "पहारेचा व्यास किती?" महिन्याभरात स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न असेल. मॅडमनी शोधून सांगितलं, सव्वा इंच. "म्हणजे बत्तीस एमएम," हे म्हणाले. मला त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त लागला: तोच गेज पुढं चिलीत बरीच वर्षं घोडागाडी हाकत होता. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, रोज तेच काम.

घरी येऊन मी शाळेत पहिलीच्या वर्गाला लावते तसा चित्रांचा तक्ता केला. उठणं, दात, पाणी, गोळी, व्यायाम. ह्यांना आधी अपमान वाटला. लेक म्हणाला, "माझ्यासाठीपण करा, मी पण विसरतो." मग दोन तक्ते शेजारी शेजारी लागले. पाहुण्यांना दिवसाला एकच वेळ, वीस मिनिटं. टीव्ही आणि मिक्सर एका वेळी नाही. राग चढताना ह्यांचा उजवा पाय हलायला लागतो हे लेकानंच शोधून काढलं. पाय हलला की आम्ही विषय सोडतो आणि खोलीतून बाहेर जातो.

डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने ते वर्षात जास्तीत जास्त सुधारणा दिसते. आम्ही ऐकलं होतं, वर्षानंतर काही होत नाही. त्यामुळं २०२३ च्या नोव्हेंबरात घरात सुतक असल्यासारखं होतं. प्रत्यक्षात वेग कमी होतो, थांबतच नाही. दुसऱ्या वर्षात चहा जमला, तिसऱ्या वर्षात बाजारातून चार वस्तू चिठ्ठीशिवाय. वास आला नाही, येणारही नाही. गाडी चालवत नाहीत. मी शाळेतून उशिरा आले तर काळजी करत नाहीत, पूर्वी करायचे. ते मला अजून बोचतं.

नुकसानभरपाईचा दावा चालू आहे. तिथंही तेच. डाव्या हातात जोर कमी आहे तो मोजता येतो. चालतात, बोलतात, तारीख वार सांगतात, मग अपंगत्व कसलं, हा समोरच्या वकिलांचा प्रश्न. मॅडमचा अहवाल आहे म्हणून निभावतंय. ज्यांनी असा अहवाल करून घेतला नाही त्यांनी घ्यावा, आणि पोलिसांच्या कागदांच्या प्रती पहिल्या आठवड्यातच काढून ठेवाव्यात.

गेल्या वर्षीपासून हे सकाळी नऊ ते बारा एका नातेवाइकांच्या पॅटर्न शॉपमध्ये जातात. पहिला नग केला तेव्हा मी मुद्दाम गेले होते. हात तेच. व्हर्निअर कानाशी नेऊन झटकायची सवय तीच. नग इतका सफाईदार की मालकांनी शाबासकी दिली, आणि मग मोजून बघितलं तर ड्रॉइंगबरहुकूम ३०० मिलिमीटर. बीडाचं लोखंड ओतून थंड झालं की आक्रसतं, म्हणून पॅटर्न शंभराला एक या हिशोबानं मोठा धरायचा असतो, ३०३. मालकांनी विचारलं, "श्रिंकेज किती घेतात?" हे म्हणाले, "शंभराला एक." सांगता येत होतं, आणि केलं नव्हतं. आता टेबलावर खडूनं लिहिलेलं असतं, 'श्रिंकेज?' सकाळी गेल्यावर ते अक्षर हेच पुन्हा गिरवतात.

परवा रात्री एका अनोळखी बाईंचा फोन आला. कुणीतरी माझा नंबर दिला होता. भाऊ आयसीयूत, चौदावा दिवस. आवाज आनंदानं फुटलेला. "ताई, त्यानं आज डोळे उघडले. आई विचारतेय, पेढे वाटायचे का?" माझ्या तोंडाशी आलं होतं ते सगळं मी गिळलं. म्हटलं, "वाटा. आईंच्या हातानंच वाटा. आणि येताना एक शंभर पानी वही घेऊन या, पहिल्या पानावर आजची तारीख घाला. उद्या आत गेलात की आरसा न्या." त्या म्हणाल्या, "आरसा?" मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना सांगायला लागले.